बाहत्तर टाके

गेल्या महिन्यात समोरच्या काकूंनी जाता जाता माझ्या हातात एक पिशवी दिली आणि मी "हो" म्हणालो. झालं एवढंच. दारात रिक्षा उभी होती. मुलगा त्यांना न्यायला बंगळूरहून आला होता, जुनं शिवणयंत्र आणि दोन ट्रंका आदल्या दिवशीच टेम्पोतून गेल्या होत्या. काकू एक हात रिक्षाच्या दांडीला धरून म्हणाल्या, "एवढी पुरी कर की रे. डिसेंबरात लागती. माझी बोटं आता वळंनात." पिशवीत अर्धी विणलेली लोकरीची टोपी होती, सुयांसकट. मला विणता येत नाही आणि हे काकूंना चांगलं ठाऊक आहे. माझ्या पतंगाची कण्णीसुद्धा लहानपणी काकाच बांधून द्यायचे. तरी त्यांनी ती मलाच दिली, आणि घर सोडून निघालेल्या माणसाला आपण कशालाही हो म्हणतो तसं मी म्हणून टाकलं. पिशवी दारामागच्या खिळ्याला लावली. तिथं छत्रीही असते. त्यामुळं छत्री काढताना दर वेळी ती सुई बोटाला टोचते.

आमची गल्ली बेळगावात, दुसऱ्या रेल्वे गेटापासून चार मिनिटांवर. गाडी गेली की सगळ्यांच्या मांडणीवरच्या ताटल्या एकदम वाजतात. काका उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, टर्नर होते, क्रँकशाफ्टवर हात बसलेला माणूस. कितीही साबण लावला तरी हाताचा लोखंडाचा आणि तेलाचा वास जायचा नाही. काकू मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या नर्स. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली सुरू केलेल्या त्या दवाखान्याला आमच्याकडची जुनी माणसं अजून नुसतं 'मिरज' म्हणतात. "मिरजेला दाखवलं काय?" असं कुणी विचारलं की समजायचं, दुखणं मोठं आहे. दोघंही खानापूरकडचे, मराठी ख्रिस्ती. पुण्या-मुंबईच्या माणसाला हे दोन शब्द एकत्र ऐकले की क्षणभर थांबायला होतं. बेळगावात कुणी थांबत नाही. इथं लंडन मिशन १८२० साली आलं, पेशवाई बुडून दोनच वर्षं झाली होती. माझे बाबा मिशनच्याच बेननस्मिथ शाळेत शिकले आणि पुढं स्वतः मास्तर झाले. तरीही नाताळला समोरून आलेल्या करंज्या आई आम्हाला ताटात वाढायची, आणि तिनं स्वतः त्यातली एक खाल्लेली मी कधी पाहिली नाही. दोनशे वर्षांच्या शेजारात एवढी एक करंजी शिल्लक राहिली होती.

१९९३ साली काकांनी नोकरी सोडली आणि दोघं बोटीवर गेले. दोन वर्षं. पगार नाही. उलट आपल्या खर्चाची सोय आपणच करून जायचं: थोडे पैसे चर्चच्या मंडळीनं जमवले, थोडे काकूंच्या पाटल्यांचे. बोटीचं नाव डुलॉस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दास, असं काका सांगायचे, आणि लगेच पुढं, "आणि इंजिन रूममध्ये गेलं की अर्थ नीट कळतो." पुस्तकांची बोट होती ती. बंदरा-बंदरात थांबायची, लोक वर चढून पुस्तकं घ्यायचे, आणि बोटीवरची माणसं गावात उतरून कुठं शाळा रंगव, कुठं दवाखान्यात मदत कर, असं काहीबाही करायची. धर्मही सांगायची, ते झाकण्यात अर्थ नाही, काका-काकूंनीही कधी झाकलं नाही. पण काकांच्या बोलण्यात सगळ्यात जास्त यायचं ते बोटीचं वय. बांधणी १९१४ ची. टायटॅनिक बुडाल्यावर दोनच वर्षांनी पाण्यात उतरलेली, पहिल्यांदा म्हणे कांदे वाहायची. वेल्डिंग नाही, सगळे रिव्हेट. "ऐंशी वर्षांचं लोखंड, आणि रिव्हेट असे बसलेले, की आपल्या उद्यमबागेत कुणाला दाखवलं तर टोपी काढील," हे सांगताना त्यांचा आवाज जसा व्हायचा तसा तो प्रार्थनेतही झालेला मी ऐकला नाही. अर्थात प्रार्थनेत मी किती वेळा बसलो होतो म्हणा.

काकूंना वाटलं होतं, नर्स आहे म्हणजे दवाखान्यात काम मिळेल. मिळालं ते स्वयंपाकघरात आणि नंतर धुलाईत. तीनशेवर माणसं, चाळीसएक देशांची, आणि त्यांच्या चादरी. पाण्याच्या पातळीखालची खोली, खिडकी नाही, पलंग एवढा अरुंद की कूस बदलायची तर दुसऱ्याला सांगून. पहिला महिना उलट्यांतच गेला. जिभेखाली आवळासुपारी धरून बटाटे सोलायचे. त्याच बोटीच्या लोकांवर १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिलिपिन्समधल्या झांबोआंगाला कार्यक्रम चालू असताना ग्रेनेड टाकला होता आणि दोन तरुण मुली गेल्या होत्या. हे काकूंना जायच्या आधी माहीत होतं. मी एकदा विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाल्या, "वाटली की. खरं बटाटे संपायचेच नाहीत, भ्यायला वेळ कुठला." आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात, बाहेरच्यांना वाटतं आम्ही सारखं खरंच बोलत असतो.

"साडेतीनशे माणसांत मराठी आम्ही दोघंच," असंही त्या सांगायच्या. "त्यामुळं भांडण कुठंही करायला यायचं. जेवणाच्या रांगेत, डेकवर, पाळकसाहेबांसमोर. हसत हसत भांडायचं, कुणाला पत्ता नाही." ज्या गावात दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली यावरून काचा फुटतात, त्या गावातून गेलेल्या बाईनं हे सांगावं, याची मला तेव्हा फक्त गंमत वाटायची.

परत आल्यावर बाबांनी काकांना गच्चीवर विचारलंच. गल्लीत सगळ्यांच्या मनात होतं ते. "दोन वर्षं फुकट राबलात. मिळालं काय?" काकांनी खरंच विचार केला. मग म्हणाले, "डावा कान गेला, मास्तर." ते खरं होतं. इंजिनाच्या आवाजानं डावा कान जवळजवळ निकामी झाला होता. चर्चमध्ये ते कायम डावीकडच्या बाकाच्या टोकाला बसायचे, उजवा कान उपदेशाकडं येईल असे. बाबांना उत्तर पटलं नाही. आपल्याकडं कुणी निष्कारण काही केलं की आपण कारण शोधतोच. सापडलं नाही तर घालून देतो. गल्लीत बोललं जायचं, परदेशातून पैसा येतो. घराला रंग लावायला त्यांना त्यानंतर नऊ वर्षं लागली, ते आम्ही सगळे बघत होतो, तरी बोलणं काही थांबलं नाही.

मग टोप्या सुरू झाल्या. काका महिन्यातून एकदा लोंढ्यावरून वास्कोला जायचे. तिथली चार-पाच माणसं मुरगाव बंदरात लागलेल्या बोटींवर चढून खलाशांना भेटायची. काकांचा तो उद्योग शेवटपर्यंत चालला. नाताळला प्रत्येक खलाशाला एक पुडकं: साबण, पेस्ट, मोजे, चॉकलेट आणि एक लोकरीची टोपी. गोव्यात टोपी कशाला, हा माझाही प्रश्न होता. काका म्हणाले, बोट इथून जाते ती कुठं जाते? जानेवारीत चीनच्या उत्तरेला, नाहीतर युरोपात. डेकवर रात्री पहारा असतो. काकू वर्षभर विणायच्या, सत्तर-ऐंशी टोप्या. गल्लीतल्या बायका उरलीसुरली लोकर द्यायच्या आणि पुरुष विनोद करायचे की मिशनवाले आता लोकांना उघड उघड टोप्या घालायला लागले. हा विनोद बाबांचा होता. तो त्यांनी किमान वीस वर्षं केला.

मी दहावीत असतानाचा १ नोव्हेंबर. कर्नाटक राज्योत्सवासाठी खडेबाजारात कुणा दुकानदारानं गोंडे-तोरणांकरता कन्नड झेंड्याच्या रंगांची, लाल आणि पिवळी लोकर ढिगानं आणली होती, तिच्यातली उरलेली काकूंना निम्म्या भावात मिळाली. बाबा दंडाला काळी फीत लावून निषेध फेरीतून सायकल ढकलत परत आले, घामेजलेले, घोषणांनी घसा बसलेला, आणि समोरच्या पायरीवर काकू बसलेल्या, मांडीवर लाल-पिवळी टोपी. बाबा थांबले. "आजच्या दिवशी तरी नको होतं हे," म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण गल्ली ऐकत होती. काकूंनी सुया खाली ठेवल्या. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. अपराधी नव्हता तो, रागावलेलाही नव्हता. मोजत असलेले टाके चुकले की होतो तसा होता. मी आमच्या दारात उभा होतो आणि मला बाबांची लाज वाटत होती, आणि त्याच वेळी काकूंनी दुसरा कुठला तरी रंग घ्यायला काय हरकत होती, असंही वाटत होतं. दोन्ही अगदी खरं वाटत होतं. तेवढ्यात आतून काका आले. डाव्या कानामुळं त्यांना बहुतेक निम्मंच ऐकू आलं असावं. बाबांच्या दंडाकडं बघून म्हणाले, "मास्तर, काळी लोकर असली तर द्या की. खालच्या पट्टीला बरी पडती. मळ दिसत नाही."

बाबांना हसू आवरलं नाही. त्यांना त्याचाही राग आला.

त्या रात्री आईनं ट्रंकेतून बाबांचा जुना काळा बिनबाह्यांचा स्वेटर काढला, कोपरावर गुंडाळत उसवला आणि सकाळी समोर नेऊन दिला. करंजी न खाणारी माझी आई. त्या वर्षीच्या टोप्या लाल-पिवळ्या होत्या आणि त्यांना खाली दोन बोटं काळी पट्टी होती.

एकदा मी मुरगावला गेलोही होतो, आठवीत असताना. खरं तर काकांचा मुलगा जायचा होता. तो माझ्याच वर्गातला. आई-बाप बोटीवर होते ती दोन वर्षं तो खानापूरला आजीकडं राहिला होता. तिकीट काढून झाल्यावर त्यानं सांगितलं, मी येणार नाही, आणि कोपऱ्यात बसून राहिला. काकूंनी समजावलं, काकांनी नाही. ते आमच्या घरी आले आणि आईला म्हणाले, "एक तिकीट वाया जातंय." लोंढ्यापर्यंत मी खूष होतो. कॅसलरॉकनंतर बोगदे सुरू झाले, डब्यातली पोरं प्रत्येक बोगद्यात ओरडायची, मीही ओरडलो. वास्कोला उतरल्यावर सगळीकडं खनिजाची लाल धूळ, झाडांच्या पानांवर, कावळ्यांवर, माझ्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांवर. बंदराच्या फाटकावर शिपायानं जरा कुरकुर केली आणि सोडलं. २००४ नंतर नवे सुरक्षा नियम आले, आता लहान पोराला कुणी आत पाय ठेवू देणार नाही. बोट मला बोटीसारखी दिसलीच नाही. गंजलेली भिंत दिसली, पाच मजली, आणि तिच्यावरून खाली सोडलेली हलणारी शिडी. खाली जाळं आणि जाळ्याखाली हिरवंकाळं पाणी. काका माझ्या मागून चढत होते, एक हात माझ्या पाठीला न लावता नुसता जवळ धरून.

आत डिझेलचा, तळलेल्या मासळीचा आणि कपड्याच्या साबणाचा मिळून एक वास. खलाशांनी काकांना देवाबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते फोन कार्डाबद्दल, आणि बाजारात न्यायला गाडी आहे का याबद्दल. काका कार्डं विकायचे, सुटे पैसे मोजून द्यायचे, कुणाचं पत्र पेटीत टाकायला घ्यायचे. टेबलावर एक बायबल ठेवून यायचे, त्याबद्दल बोलायचे नाहीत. तिथला आचारी फिलिपिनो होता, बुटका, हातावर भाजल्याचे डाग. त्यानं टोपी लगेच घातली आणि स्टीलच्या कपाटाच्या दारात स्वतःला बघितलं. मग खिशातलं पाकीट काढून मला फोटो दाखवला. माझ्याएवढा मुलगा, शाळेच्या गणवेशात. दहा महिने झाले होते घर सोडून. त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मी मान मागं घेतली. का घेतली ते माहीत नाही. त्याला राग आला नाही. त्यानं मला ताटलीत भात आणि कसलं तरी तांबडं मांस दिलं, आणि मी ते सगळं खाल्लं, फार चांगलं होतं. घरी आल्यावर आईनं पहिला प्रश्न विचारला, तिथं काय खाल्लंस? मी म्हणालो, केळी.

काकूंची सेवा मात्र जमिनीवरची. निवृत्त झाल्यावर दर गुरुवारी त्या जांबोटीच्या पुढच्या वाड्यांवर जायच्या, बसनं आणि मग चालत. महारोगातून बरी झालेली माणसं. औषधानं रोग जातो, पण पायाची गेलेली जाणीव परत येत नाही. काटा रुतला, निखारा लागला तरी कळत नाही, आणि साध्या जखमेचा व्रण हाडापर्यंत जातो. काकूंचं काम म्हणजे पाय भिजवायचे, टणक झालेली कातडी दगडानं घासायची, तेल लावायचं, आणि रोज हेच आपलं आपण करायला शिकवायचं. काका मऊ एमसीआर रबराच्या चपला कापून द्यायचे. टर्नर माणूस, माप असं घ्यायचा की चप्पल मशीनवर बसवायची आहे. मी दोन-तीनदा गाडीनं सोडायला गेलो होतो. एक म्हातारी होती कणकुंबीकडची. ड्रेसिंग झालं की काकू डोळे मिटून पुटपुटायच्या. म्हातारीही हात जोडून माउलीचं नाव घ्यायची. दोघी आपापलं म्हणायच्या, एकाच वेळी, आणि मग चहा व्हायचा.

हे सगळं मी मनापासून लिहितोय. पण त्यांच्या मुलाचं एक वाक्य आहे आणि ते सोडून पुढं जाता येत नाही. आम्ही तिशीत होतो, कुणाच्या तरी लग्नात भेटलो, आणि तो म्हणाला, "जगाच्या पोरांना टोप्या, मला पिक्चर पोस्टकार्डं." हसून म्हणाला. बासष्ट पोस्टकार्डं आहेत म्हणे त्याच्याकडं, मोजलेली. मला त्याच्या बाजूनं बोलावंसं वाटलं आणि त्यांच्याही, आणि शेवटी मी जिलेबी घेतली.

२००९ च्या डिसेंबरात डुलॉस कायमची थांबली. दुरुस्तीचा खर्च झेपेनासा झाला होता. आता ती इंडोनेशियातल्या बिंतान बेटावर जमिनीवर ठेवलेली आहे, तिचं हॉटेल झालंय. मी काकांना फोनवर फोटो दाखवले. ते बराच वेळ बोटांनी मोठे करून बघत होते. "ही खिडकी नव्हती," म्हणाले. मग २०२० आलं. आपण घरात अडकून वैतागलो तेव्हा चार लाखांच्या आसपास खलाशी बोटींवर अडकून होते, करार संपलेले, उतरायला कुठलंच बंदर तयार नाही. काकांच्या फोनवर कुठून कुठून मेसेज यायचे आणि ते उजव्या कानाला फोन धरून व्हॉइस नोट पुन्हा पुन्हा ऐकायचे. पुढच्या मेमध्ये काकाच गेले. दफनाला आम्ही सात माणसं होतो, लांब लांब उभी. बाबा त्याआधीच गेले होते. काकू घरी आल्या आणि आठवड्याभरात विणायला बसल्या, बोटं तेव्हापासूनच दुखत होती.

परवा रविवारी छत्री काढताना पिशवी खिळ्यावरून सुटली आणि टोपी जमिनीवर पडली. उचलली तर सुईवरचे काही टाके निसटलेले. टोपी निळी आहे, खालची पट्टी काळी. आईच्या उसवलेल्या स्वेटरची लोकर असणं शक्य नाही, ती कधीच संपली असणार. पण पट्टी दोन बोटंच आहे. मी घाबरून बंगळूरला फोन लावला. काकू म्हणाल्या, "आधी मोज." मोजले, एकोणसत्तर. "बाहत्तर पायजेत. तीन उतरलेत खाली. शिडीगत दिसतील बघ." मला काही दिसेना. मागं मुलाचा आवाज आला, कोण आहे? काकू म्हणाल्या, काही नाही, टोपी. मग फोनवर तोच आला.

"व्हिडिओ लाव," म्हणाला.

"तुला येतं?"

"आजीनं शिकवलंय. खानापूरला दुसरं करायला काय होतं?"

"मग तुलाच का नाही दिली तिनं?"

"विचारलं कुठं." थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. "कॅमेरा खाली घे. अजून खाली. सुटलाय त्याच्या बुडाशी अंगठा ठेव आणि हलवू नको."

मी अंगठा ठेवला.